मिडी स्कर्ट रोज घालायचा तर आधी काठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची १५५ सेंटिमीटर. कपाटात तीन मिडी स्कर्ट, म्हणजे गुडघा आणि घोटा यांच्या मध्ये संपणारे. एक बाटलीहिरवा, प्लीट्सचा (चुण्यांचा), कमरेपासून ७८ सेंटिमीटर लांब. एक तांबूस सॅटिनचा, ६५ सेंटिमीटर. आणि एक निळा डेनिमचा ए-लाइन (खाली रुंद होत जाणारा), ७२ सेंटिमीटर. दुकानाच्या आरशात तिन्ही आवडले, पण घरी घातले की ‘बुटकी आणि दहा वर्षांनी मोठी’ दिसते. रोज कामावर जायचं, बस पकडायची, जिने चढायचे, उंच टाचा झेपत नाहीत. टॉप बहुतेक सैल आणि लांब. तर कशावर काय घालू?

मापं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तर बरंचसं त्या मापांतच आहे. मी २२ वर्षं बायकांचे कपडे बेततेय आणि अंगावर बसवून देतेय. ‘हा मला शोभत नाही’ म्हणून जे मिडी स्कर्ट माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं रंगात नसतं, टॉपमध्ये नसतं, आणि घालणारीच्या बांध्यात तर मुळीच नसतं. काठ, म्हणजे स्कर्टची खालची कड, पोटरीवर कुठे थांबतो, तिथे ते असतं. दोन बोटांचा फरक पडला की तोच स्कर्ट वेगळा वाटायला लागतो.

मिनी आणि मॅक्सीला ही कटकट नाही. मिनीचा काठ मांडीवर, मॅक्सीचा जमिनीलगत; सेंटिमीटरभर इकडे-तिकडे झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मिडीचा काठ मात्र पायाच्या अशा पट्ट्यात येतो, जिथे जाडी दर चार बोटांवर बदलते. गुडघ्याच्या लगेच खाली पाय जरा बारीक, मग पोटरी फुगते, मग निमुळती होत होत घोट्याशी सर्वांत बारीक. काठाची आडवी रेघ जिथे पडते, तिथली जाडी डोळा पकडतो आणि झाकलेला पायही वरपर्यंत तेवढाच असेल असं धरून चालतो. रेघ नेमकी पोटरीच्या फुगीर जागी आली, की पाय आहे त्याहून जाड आणि आखूड दिसतो. तीच रेघ तीन-चार सेंटिमीटर खाली, पोटरी उतरायला लागते तिथे आली, की पाय लांब वाटतो. गुडघ्याच्या खालचा खोलगट भागही तितकाच चांगला.

ही जागा प्रत्येकीची वेगळी, आणि ती शोधायला पाच मिनिटं लागतात. रोजच्या चपला घालून आरशासमोर उभ्या राहा. अनवाणी नको, माप चुकतं. एक मोठा टॉवेल किंवा चादर कमरेशी धरा आणि खालची कडा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळूहळू उतरवत जा. दोन ठिकाणी तुम्हालाच वाटेल, ‘हां, इथे बरं दिसतंय.’ त्या दोन जागा टेपने कमरेपासून मोजून लिहून ठेवा. यापुढे कुठलाही मिडी घेताना आधी ते दोन आकडे बघायचे. कंबर नक्की कुठे हे कळत नसेल तर पोटाभोवती एक दोरी सैलसर बांधा आणि डाव्या-उजव्या अंगाला दोन-चार वेळा वाका. दोरी आपोआप जिथे स्थिरावते ती कंबर. बेंबीच्या थोडी वरच निघते बहुतेक वेळा.

आता तुमचे आकडे. १५५ सेंटिमीटर उंचीला कंबर जमिनीपासून अंदाजे ९६ सेंटिमीटरवर येते आणि पोटरीचा फुगीर भाग ३०-३१ वर. सॅटिनचा स्कर्ट ६५ चा, म्हणजे काठ जमिनीपासून ३१ वर. नेमका नको तिथे. हिरवा ७८ चा, म्हणजे काठ १८ वर. तिथे पाय बारीक आहे हे खरं, पण प्लीट्सचं एवढं कापड एवढं खाली आलं की तुमच्या उंचीवर त्याचा तंबू होतो. डेनिम ७२ चा, काठ २४ वर. पोटरी उतरत असते तिथे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिन्हींतला डेनिमच तुम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटत असणार.

लांबीवरून मिडीची भांडणं जुनी आहेत. १२ फेब्रुवारी १९४७ ला फ्रेंच डिझायनर ख्रिस्तियाँ दिओरने पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे पहिले कपडे मांडले. महायुद्धातल्या कापडटंचाईनंतर त्याने एकदम भरघोस घेराचे, पोटरीपर्यंत उतरणारे स्कर्ट आणले, आणि कापडाची ही उधळपट्टी बघून लोक खवळलेही. पुढे साठच्या दशकात मिनी आली. १९७० मध्ये अमेरिकेतल्या फॅशन व्यवसायाने जाहीर केलं की आता सगळ्यांनी मिडी घालायची. बायकांनी ऐकलं नाही. ‘फाइट अगेन्स्ट डिक्टेटिंग डिझायनर्स’ नावाचा गटही निघाला, आणि दुकानांत मिडीचा माल पडून राहिला. माझ्या मते मिडीची त्यात काही चूक नव्हती. कागदावर ठरलेली लांबी वेगवेगळ्या पायांवर लादली तर असंच होणार. आजही तयार स्कर्ट बहुतेक वेळा एकाच लांबीत येतो, आणि १५५ ची व १७२ ची अशा दोघी तोच घेतात.

काठ ठरला की मग टॉपकडे वळायचं.

तुमचे टॉप सैल आणि लांब आहेत, आणि दुसरी अडचण तिथेच आहे. स्कर्टच्या काठाची एक आडवी रेघ आहेच. टॉप सीटच्या, म्हणजे नितंबांच्या, सर्वांत रुंद जागी संपला की दुसरी पडते. दोन रेघांमध्ये स्कर्टचा जेमतेम ४५-५५ सेंटिमीटरचा तुकडा उरतो, वर तेवढाच लांब टॉप. अंगाचे असे दोन सारखे भाग पडले की उंची जाते. टॉप कमरेशी संपला तर वर एक हिस्सा आणि खाली जवळपास दोन हिस्से असं होतं, आणि पाय कमरेपासून सुरू झालेले दिसतात. म्हणून मिडीवर टॉप खोचलेला, नाहीतर आखूड. कमरेखाली फार तर ८-१० सेंटिमीटर, म्हणजे कमरेच्या हाडाशी. त्याखाली आला की बिघडलं.

‘मला पोट आहे, मी खोचत नाही’, हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. सगळा टॉप खोचायची सक्ती कुणी केलीय? समोरचा चार-पाच बोटांचा भाग स्कर्टच्या पट्टीत खोचा, बाजू आणि पाठ मोकळी सोडा. कंबर कुठे आहे ते समोरून कळतं, पोटावर कापड चापून बसत नाही आणि पाठीमागे सीट झाकलेली राहते. खोचल्यावर दोन्ही हात वर करा, टॉप आपोआप सुटतो तेवढा सुटू द्या आणि तसाच ठेवा. ओढून ताणून खोचलेला टॉप पाच मिनिटांत वाकडा होतो. शर्ट असेल तर खालची दोन बटणं सोडून टोकांची सैल गाठ मारता येते. जाड स्वेटर खोचायचा नाहीच, कमरेभोवती वळकटी होते. त्यासाठी एक रुंद इलॅस्टिकचा पट्टा कमरेवर स्वेटरच्या बाहेरून चढवा आणि खालचा भाग आतल्या बाजूने वर दुमडून त्यात अडकवा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं स्वेटर आखूडच विणलाय.

खोचलेलं अजिबातच आवडत नसेल तर सरळ बांध्याचा, कमरेच्या हाडाशी संपणारा, खालची कड सरळ असलेला टॉप घ्या. खाली गोल कापलेले, बाजूंना वर गेलेले टॉप पँटवर छान दिसतात. मिडीवर ते अर्धवट राहिल्यासारखे वाटतात. तुमचे जुने लांब टॉप टाकून देऊ नका. त्यांतले दोन-तीन उसवून कमरेखाली ८ सेंटिमीटरवर पुन्हा टीप मारून घ्या, अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडच्या कित्येक जणींचे निम्मे ‘नवे’ टॉप असे जुनेच आहेत.

घेर आणि सैलपणा यांचा साधा हिशोब आहे: खाली कापड भरपूर असेल तर वर कमी, खाली अंगासरशी असेल तर वर मोकळं चालतं. प्लीट्सवर पातळ निटचा (होजिअरीसारख्या ताणणाऱ्या कापडाचा) अंगालगत टी-शर्ट, सरळ सॅटिनवर ऐसपैस स्वेटर. दोन्हीकडे सैल हवंच असेल तर मध्ये बेल्ट लागतो, आणि बेल्ट स्कर्टच्या रंगाचा असला तर पाय लांबतात, टॉपच्या रंगाचा असला तर धड. तुम्ही स्कर्टच्या रंगाचा घ्या.

चपलांचं एकाच गोष्टीत सांगते, टाचेचा विचार सोडा. पायाचा पंजा वरून किती उघडा दिसतो ते बघा. पुढून उथळ कापलेली सपाट बेली किंवा दोन पट्ट्यांची सँडल घातली की काठापासून बोटांपर्यंत पायाची सलग रेघ दिसते. घोट्याभोवती आडवा पट्टा आला की ती तुटते. आधीच काठाची आडवी रेघ, त्याखाली १५-२० सेंटिमीटरवर पट्ट्याची दुसरी. उंच बाईला चालून जातं. तुमच्या उंचीला मी पट्टा टाळेन, किंवा त्वचेच्या रंगाशी मिळताजुळता घेईन. स्नीकर जरूर घाला, रोजच्या धावपळीला त्याहून सोयीचं काही नाही. पातळ तळाचे, साधे, मोजे बाहेर न दिसणारे. जाड तळाचे स्नीकर डेनिम किंवा जाड कॉटनच्या स्कर्टखाली शोभतात, सुळसुळीत सॅटिनखाली पाय विटेवर ठेवल्यासारखे दिसतात. मोजे मुद्दाम दिसू द्यायचे असतील तर ते खरंच मुद्दाम वाटू देत: स्वच्छ, सरळ ओढलेले, टॉपच्या रंगाचे. अर्धा सेंटिमीटर डोकावणारे मोजे फक्त विसरल्यासारखे वाटतात.

थंडीत बूट घालत असाल तर दोनच पर्याय मला पटतात. एक म्हणजे बुटाची लांब नळी स्कर्टच्या आत गेलेली, मध्ये त्वचा दिसतच नाही. यात गंमत अशी की पोटरीच झाकली जाते, त्यामुळे काठ चुकीच्या जागी असला तरी खपतो. तुमच्या सॅटिनच्या स्कर्टला हा सर्वांत सोपा उपाय. दुसरा म्हणजे घोट्याशी घट्ट बसणारा आखूड बूट आणि बूट, स्टॉकिंग दोन्ही एकाच गडद रंगाचे. घोट्याभोवती सैल, रुंद तोंडाचे बूट मिडीखाली नकोत. पाय कुंडीत लावल्यासारखे दिसतात.

आता कापडाकडे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सॅटिन आणि प्लीट्स हे दोन्ही प्रकार दिसतात सोपे आणि असतात लहरी.

सॅटिन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. रेशमाचं असतं, पॉलिस्टरचं असतं, व्हिस्कोसचं असतं. या विणीत धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे राहतात, म्हणून चकाकी येते, आणि चकाकी म्हणजे प्रत्येक उंचवट्यावर पडलेला दिवा. आतल्या कपड्याची शिवण, खिशातली किल्ली, जेवणानंतरचं पोट, सगळं दिसतं. त्यामुळे असा स्कर्ट अंगाला घासून बसता कामा नये. आरशात बाजूने बघा: मांडीच्या सांध्यापासून दोन्हीकडे आडव्या सुरकुत्या जात असतील, आम्ही त्याला मिशा म्हणतो, तर माप लहान आहे. एक माप मोठा घ्या आणि कमरेत आत घ्या, हा माझा सरसकट सल्ला. आत बिनशिवणीची, त्वचेच्या रंगाची निकर किंवा आखूड स्लिप. पांढरी नको. फिक्या सॅटिनखाली पांढरंच जास्त उठून दिसतं, हे ऐकून सगळ्या चकित होतात.

असे सरळ, नाइटीसारखे पडणारे सॅटिनचे स्कर्ट बहुतेक वेळा उरेब कापलेले असतात, म्हणजे कापड ४५ अंशांत तिरकं ठेवून. मागावर विणलेलं कापड उभं-आडवं फारसं ताणत नाही पण तिरकं ताणतं. म्हणून ते अंगाच्या वळणाने ओघळतं आणि काही वेळा चेनशिवायही चढवता येतं. पॅरिसची डिझायनर मादलेन व्हिओने हिने १९२० आणि ३० च्या दशकांत या कापण्याचं सोनं केलं. पण तिरकं कापड स्वतःच्या वजनानेही उतरतं, आणि सगळीकडे सारखं उतरत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका ग्राहकबाईंचा उरेब स्कर्ट कापला, त्याच संध्याकाळी काठ दुमडून टीप मारली आणि इस्त्री करून दिला. तीन दिवसांनी त्या परत आल्या, बाजूंना काठ दोन बोटं खाली लोंबत होता. चूक सरळ माझी होती. तेव्हापासून उरेब कापलेला स्कर्ट किमान एक दिवस-रात्र टांगून ठेवते आणि मगच जमिनीपासून मोजून काठ आखते. तुमच्याकडे तयार स्कर्ट आहे, पण यातून घ्यायचं ते एवढंच: कपाटात तो महिनोन्महिने चिमट्याला लटकवू नका, घडी घालून ठेवा. इस्त्री उलट बाजूने, मंद.

सॅटिन रोज कसं घालायचं? त्याची चमक मोडून. वर चमकणारं काहीही नको: जाडसर सुती टी-शर्ट, लोकरीचा स्वेटर, धुऊन मऊ झालेला डेनिमचा शर्ट. पायात सपाट चामडी चप्पल. वरही तलम ब्लाउज आणि पायात चकचकीत सँडल आली की ते पार्टीचं झालं, सकाळी नऊच्या बसमध्ये तुमचं तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

प्लीट्सच्या लहरीपणाचं कारण वेगळं. हल्लीचे बारीक प्लीट्सचे स्कर्ट बहुतेक पॉलिस्टरचे असतात, कारण पॉलिस्टर तापवलं की मऊ पडतं आणि थंड होताना दिलेली घडी धरून ठेवतं. सुती कापडाची घडी धुतली की जाते, याची राहते. जपानी डिझायनर इस्से मियाके याने याच गुणावर १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ हा अख्खा ब्रँड उभा केला. त्यात कपडा आधी मोठा शिवतात आणि मग त्याला प्लीट्स पाडतात. तुमच्या कामाची गोष्ट अशी की ही घडी तुमच्या इस्त्रीनेही मोडू शकते. त्यामुळे गरम इस्त्री फिरवू नका. धुताना जाळीच्या पिशवीत, आणि वाळवताना कमरेच्या पट्टीकडून टांगून. प्रवासात नेताना जुन्या स्टॉकिंगचा पाय कापून त्यात स्कर्ट उभा गुंडाळून सरकवा, घड्या जागच्या जागी राहतात.

प्लीट्स सीटवर कशा बसतात ते बाजूने बघायचं. उभं असताना त्या मिटलेल्या हव्यात आणि चालताना उघडायला हव्यात. उभं असतानाच सीटवर फाकत असतील तर स्कर्ट घट्ट आहे, आणि मग कितीही बारीक बाई रुंद दिसते. सुरीसारख्या एका बाजूला पडलेल्या प्लीट्सना घेराच्या तिप्पट कापड लागतं. १०० सेंटिमीटर सीटला ३०० सेंटिमीटर. ते तीन थर पोटावर नको असतील तर वरचा १५-१८ सेंटिमीटर भाग टीप मारून बसवलेला, आणि त्याखाली प्लीट्स सुटलेल्या, असा प्रकार शोधा. पोट आणि सीट भरलेली असणाऱ्यांना मी याहून चांगला मिडी सांगणार नाही.

डेनिमचा ए-लाइन फारसं काही मागत नाही. पांढरा शर्ट, पट्ट्यांचा टी-शर्ट, काळा स्वेटर, काहीही. फक्त वर त्याच निळ्या छटेचं डेनिम नको. एकतर बरंच फिकं, नाहीतर बरंच गडद. पावसात डेनिम वाळायला दिवस लागतो, हा त्याचा एकच अवगुण.

इतर प्रकार भराभर सांगते, पुढे घ्याल तेव्हा उपयोगी पडेल. पेन्सिल मिडी (अंगासरशी, सरळ उतरणारा): मागे काप हवाच, आणि घालून दोन पायऱ्या एकदम चढून बघायच्या, जमलं नाही तर तो स्कर्ट फक्त उभं राहण्यासाठी आहे. झालरींचे थर असलेला: कमी उंचीला जड जातो, प्रत्येक झालर म्हणजे आणखी एक आडवी रेघ. गुंडाळून बांधायचा रॅप: दोन पाखं एकमेकांवर किमान २५-३० सेंटिमीटर आलेली असावीत, आणि मांडीच्या मध्यावर आतून एक टिचबटण लावून घ्या. वारा सांगून येत नाही. पूर्ण गोल घेराचा: ७० सेंटिमीटर कमरेचा, ७५ सेंटिमीटर लांबीचा गोल स्कर्ट काठाशी जवळजवळ साडेपाच मीटर होतो. बघायला सुंदर, बसमध्ये शेजारचीच्या पायाखाली. रोजसाठी अर्धा गोल घ्या, तो तीन मीटरच्या आसपास येतो आणि वाऱ्यालाही कमी उडतो.

रोजच्या वापरातल्या बारीकसारीक अडचणी कुणी लिहीत नाही, म्हणून त्याही. कोरड्या हवेत पॉलिस्टर पायांना चिकटतं आणि चालताना वर चढत जातं. पायांना क्रीम लावा, किंवा धातूचा हँगर स्कर्टच्या आतून वरपासून खालपर्यंत एकदा फिरवा. साठलेली वीज उतरते. मांड्या घासत असतील तर आत सुती सायकलिंग शॉर्ट्स, सॅटिनखाली मात्र कडा न दिसणाऱ्या. अस्तर काठापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड हवं. बसल्यावर ते बाहेर डोकावतं का ते खुर्चीवर बसून बघायचं, उभं राहून कळत नाही. सरकत्या जिन्यावर घेरदार स्कर्टचा काठ हाताने जरा उचलून धरा. आणि कधी सायकल चालवायची वेळ आली तर एक नाणं आणि एक रबरबँड पुरतं: दोन्ही पायांच्या मधून मागचं कापड पुढे ओढायचं, त्याच्या आतून नाणं धरायचं, समोरचं कापड वर घ्यायचं आणि दोन्ही थरांसकट नाण्याभोवती रबरबँड गुंडाळायचा. स्कर्टची तात्पुरती ढगळ विजार होते, साखळीत काही अडकत नाही.

जॅकेट आणि कोट यांचं माप काठाशी जुळवा. कमरेशी संपणारं जॅकेट मिडीवर नेहमी जमतं. लांब कोट घालायचा तर तो स्कर्टपेक्षा लांब, किंवा स्पष्ट दहा-बारा सेंटिमीटर आखूड. खालून दोन बोटं स्कर्ट डोकावला की काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. लांब, पुढून उघडा कार्डिगन तुमच्या उंचीला चांगला. त्याच्या दोन उभ्या कडा वरपासून खालपर्यंत सरळ धावतात, आणि आत टॉप खोचलेला असेल तर लांबी खुपत नाही.

आता तुमच्या तीन स्कर्टांचं मी काय करेन ते सांगते.

हिरवा आधी शिंप्याकडे. ७८ चा ७१ करून घ्या, पण काठाकडून कापू देऊ नका. खालची दुमड उसवून पुन्हा टीप मारली की तिथल्या प्लीट्स सपाट होतात आणि काठ फुलकोबीसारखा फुगतो. वरची पट्टी काढून वरून ७ सेंटिमीटर कमी करायचे आणि तीच पट्टी परत लावायची. प्लीट्स वरून खाली रुंद होत जाणाऱ्या असतील तर वरून कापल्यावर कंबर सैल होईल. पट्टी इलॅस्टिकची असेल तर त्यात खपून जातं, नसेल तर शिंप्याला आधी विचारा. नंतर अंगालगत काळा किंवा मातकट निटचा टॉप खोचून, पातळ स्नीकरवर. आठवड्यातून दोन दिवस हा.

सॅटिनला कात्री लावू नका. अशा स्कर्टला खाली सोडायला कापड नसतंच. तो कमरेवर न चढवता तीन-चार सेंटिमीटर खाली बसतो का बघा. काठ पोटरीच्या फुगीर भागाखाली उतरेल. वर कमरेच्या हाडाशी संपणारा सैल स्वेटर आला की स्कर्ट नेमका कुठून सुरू होतो ते कुणाला दिसत नाही. सीटवर मिशा आल्या तर हा उपाय सोडा आणि त्याला थंडीतल्या लांब बुटांसाठी राखून ठेवा.

डेनिम आहे तसाच उद्यापासून घाला. तुमच्या लांब शर्टांपैकी एक पुढून खोचा, दोन पट्ट्यांची सँडल घाला. आणि मागे काप असेल तर घालण्याआधी तो बघा. दुकानात चुरगळू नये म्हणून कापावर फुलीचा कच्चा टाका घातलेला असतो, तो घरी आणून कापायचा असतो. जिने चढताना पाऊल आखडतंय असं वाटत असेल, तर तो टाका अजून तिथेच असायचा.